अर्धे भिंग, पूर्ण ज्योत

दहावीच्या विज्ञानात भिंगांचे प्रकरण आले की फळ्यावर एक ठरलेली आकृती निघते. एका बाजूला वस्तू म्हणून उभा बाण, मध्ये बहिर्गोल भिंग आणि बाणाच्या टोकापासून निघालेले दोन किरण. हे किरण भिंगापलीकडे जेथे मिळतात तेथे प्रतिमा. आम्हीही ही आकृती वर्षानुवर्षे अशीच शिकवत आलो. मुले ती बिनचूक काढत, गुण मिळवत; त्यांना विषय समजला असे आम्ही धरून चाललो होतो. तो समज एका संध्याकाळी कसा मोडला आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवत आहोत.

प्रयोगाचे साहित्य अगदी साधे होते. चष्म्याच्या दुकानातून अधिक पाच शक्तीचे, न कापलेले गोल भिंग आणले. ते उभे राहावे म्हणून जुन्या स्लिपरच्या तळव्याचा तुकडा घेऊन त्याला खाच पाडली. पुठ्ठ्याच्या चौकटीवर तेल लावलेला पांढरा कागद ताणून पडदा केला. मोजपट्टी, मेणबत्ती आणि तिच्याखाली ठेवायला लाकडी ठोकळा, एवढ्यावर आमची प्रयोगशाळा उभी राहिली.

पहिले काम भिंगाचे नाभीय अंतर शोधण्याचे. दिवसाउजेडी खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाची प्रतिमा समोरच्या भिंतीवर घेतली. भिंग मागेपुढे सरकवता सरकवता झाड स्पष्ट उमटले, तेव्हा भिंत व भिंग यांतील अंतर सुमारे २० सेंटिमीटर भरले. शक्ती ५ डायॉप्टर म्हणजे नाभीय अंतर १०० भागिले ५, अर्थात २० सेंटिमीटर. दुकानदाराने सांगितलेला आकडा आपल्या पट्टीवर खरा उतरला, याचा मुलांना केवढा आनंद झाला!

संध्याकाळी वर्ग अंधारा करून मेणबत्ती लावली. ती भिंगापासून ४० सेंटिमीटरवर ठेवली, तेव्हा पलीकडे ४० सेंटिमीटरवर तेवढ्याच आकाराची उलटी ज्योत पडद्यावर आली. मेणबत्ती ३० सेंटिमीटरवर आणली, तर पडदा ६० सेंटिमीटरवर न्यावा लागला आणि ज्योत दुप्पट झाली. सूत्राने काढलेली उत्तरे पट्टीशी जुळत गेली. मागच्या बाकावरील एका मुलाने आणखी एक गोष्ट हेरली : मेणबत्ती जळून खाली येते तसतशी पडद्यावरील ज्योत वर चढते. प्रतिमा उलटी असते म्हणजे काय, हे त्याने कोणी न सांगता पाहिले होते.

मग आम्ही विचारले, “काळ्या कागदाने भिंगाचा वरचा अर्धा भाग झाकला, तर पडद्यावर काय दिसेल?” जवळजवळ सगळ्या वर्गाने एकच उत्तर दिले : अर्धी ज्योत. नेहमी पहिले येणारे विद्यार्थीही त्यांत होते.

कागद लावला. ज्योत पूर्णच्या पूर्ण राहिली. फक्त मंद झाली. “सर, कागद नीट लागला नाही,” असे म्हणत एक मुलगी पुढे आली. तिने स्वतः कागद लावला. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. ज्योत तुटेना. शेवटी भिंग पूर्ण झाकून कागदाला रुपयाच्या नाण्याएवढे भोक ठेवले, तरी त्यातून आखी ज्योत आली, अंधूक पण आखी.

चूक आमच्या आकृतीत नव्हती, तिच्याविषयी आम्ही जे बोललोच नव्हतो त्यात होती. ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून असंख्य किरण निघून भिंगाच्या सर्व भागांवर पडतात आणि भिंगाचा प्रत्येक भाग त्यांना पलीकडे त्याच एका बिंदूकडे वळवतो. आकृतीतील दोन किरण हे केवळ प्रतिमेची जागा शोधण्याच्या सोयीसाठी निवडलेले असतात. अर्धे भिंग झाकले की अर्धा प्रकाश अडतो. परंतु उरलेला अर्धा भाग ज्योतीच्या प्रत्येक बिंदूसाठी काम करीतच राहतो. उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली लहान होते, तरी समोरचे दृश्य कापले जात नाही, त्याचेही कारण हेच.

ही चूक केवळ आमच्या मुलांची नव्हे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील फ्रेड गोल्डबर्ग व लिलियन मॅकडरमॉट यांचा याच विषयावरील अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. महाविद्यालयात प्रकाशशास्त्र शिकलेल्या अनेक विद्यार्थ्यांनीही अर्धे भिंग झाकल्यास अर्धी प्रतिमा नाहीशी होईल, असेच सांगितले होते. हे ऐकून आमच्या वर्गाला धीर आला. ‘आपण खेड्यातली मुले, आपल्याला विज्ञान जमत नाही’ अशी जी खंत काहींच्या मनात घर करून असते, तिला त्या संध्याकाळी तडा गेला. चुकणे सर्वांचेच होते. ती चूक आपल्या हाताने तपासून पाहण्याची संधी मात्र सर्वांना मिळत नाही.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे : आधी अंदाज वहीत लिहावा, मग प्रयोग करावा आणि चुकलेला अंदाज खोडू नये. त्या वह्यांतील चुकलेल्या ओळी आम्हाला बरोबर उत्तरांइतक्याच मोलाच्या वाटतात.

पालकांनी हा प्रयोग घरी मुलांसह अवश्य करावा. जवळचे वाचण्याचा जुना चष्माही चालतो; त्याची शक्ती कमी असल्यास अंतरे तेवढी वाढवावी लागतील. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये आणि मेणबत्तीजवळ मोठ्या माणसाने थांबावे. माजी विद्यार्थ्यांच्या घरी असे चष्मे पडून असतील, तर पुढच्या भेटीत शाळेत आणून द्यावेत. येथे त्यांची वाट पाहणारे हात पुष्कळ आहेत.