ग्रीनस्टेडचे लाकडी उपासनामंदिर

इंग्लंडातील एसेक्स परगण्यात ग्रीनस्टेड नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील संत आंद्रियाच्या नावाचे उपासनामंदिर भव्य नाही. परंतु त्याच्या मुख्य दालनाच्या भिंती ओक वृक्षाच्या ओंडक्यांच्या असून ते ओंडके नऊशे वर्षांहून अधिक काळ उभे आहेत.

ही भिंत कशी रचिली आहे ते पाहा. सुतारांनी ओंडके उभे चिरून एकास एक लागून उभे केले. गोल बाजू बाहेर ठेविली व आतील सपाट बाजू वाकसाने तासली. कडांस खाचा पाडून त्यांत लाकडी पट्ट्या बसविल्या, तेणेकरून सांध्यांतून वारा व पाऊस आत येऊ नये. वेदीकडील विटांचा भाग पुढे इ. स. १५०० च्या सुमारास बांधिला गेला.

लाकडातील वर्तुळे मोजून झाडाचा काळ ठरविता येतो. १९६० साली हे ओंडके इ. स. ८४५ च्या सुमाराचे मानिले गेले. परंतु १९९५ साली अधिक बारकाईने तपास झाला, तेव्हा ते १०६३ नंतरचे ठरले.

लाकडाचा वैरी ओल होय. मेढ प्रथम जमिनीलगत कुजते, हे आपल्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. ग्रीनस्टेड येथेही तसेच झाले. १८४८-४९ साली दुरुस्ती करणारांनी भिंत टाकून दिली नाही. ओंडक्यांची कुजलेली टोके तेवढी कापिली, खाली विटांचे जोते घातले, त्यावर ओकची नवी आडवी तुळई ठेवून जुने ओंडके तिच्यावर पुन्हा उभे केले. भिंत किंचित ठेंगणी झाली, पण वाचली.

तथापि कापून टाकिलेल्या लाकडावरील जुन्या कारागिरांच्या खुणा पुन्हा मिळत नाहीत. म्हणूनच विल्यम मॉरिस इत्यादिकांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ एक मंडळी स्थापिली. तिचे शिक्षण असे की, जुन्यास नवे रूप देण्याच्या भरीस न पडता नित्य निगा राखून मोठी दुरुस्ती टाळावी.

ह्यावरून आपण काय शिकावे? पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ कराव्या, कौले फेरावी, भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू देऊ नये. जे कुजले ते काढावे. जे धड आहे त्यास हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा. मंडळीच्या इमारतीवर मागील पिढीचे श्रम खर्ची पडले आहेत, आणि पुढील पिढीही तेथेच जमावयाची आहे.