घरखर्चाचा धडा : लाज वाटते ती काटकसर



बेण्याची निवड, खोडव्याची निगा, पाचट कुजवणे, ठिबक या विषयांवर आपण पुष्कळ वाचतो. एकरी टनेज कसे वाढेल याची चर्चा पारावरही होते. पण त्या टनेजाचे पैसे उंबऱ्याच्या आत आले की पुढे त्यांचे काय होते, हा विषय कोणी काढत नाही. काढलाच तर लोक हसतात. आजचा धडा त्या हसण्याबद्दल आहे, आणि हसणाऱ्यांत पहिला मी होतो हे आधीच सांगून टाकतो.

माझी सासुरवाडी चौकची. बोरघाट उतरून, खोपोली मागे टाकून जुन्या रस्त्याने पनवेलकडे निघाले की हे गाव लागते. तालुका खालापूर, जिल्हा रायगड. नेताजी पालकरांचे गाव म्हणून त्याची ओळख आहे आणि इर्शाळगडाचा सुळका तिथून दिसतो. तिकडे आपल्यासारखा ऊस नाही. पाऊस वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर, पण तो सगळा चार महिन्यांत कोसळून जातो. त्या पावसावर भात, आणि भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल. एवढ्यावर वर्ष काढायचे.

लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तो मे महिना होता, साल १९८३. घरात आगोटीची गडबड. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी करून ठेवायची बेगमी. लाकूडफाटा माळ्यावर गेला होता. मीठ, मसाला, वाल, सुकट, बोंबील असे सगळे डब्यांत आणि मडक्यांत भरणे चालले होते. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आता चार महिने दुकानाची पायरी चढायची नाही." मला गंमत वाटली. मग मेहुण्याच्या सदऱ्याकडे लक्ष गेले. कॉलर घासून विरली, म्हणून ती उसवून उलटी करून पुन्हा शिवली होती. मी हसलो. माझ्या अंगात तेव्हा उसाच्या बिलाची रग होती, दुसरे काय!

त्याच घरातली मुलगी आमच्या घरात आली आणि आमची पंचाईत सुरू झाली.

साबणाच्या चिपा एकमेकींना चिकटवून नवी वडी करायची. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहायचा. चादर मधोमध विरली की उभी फाडून कडा मधे घ्यायच्या आणि पुन्हा शिवायची. थोरल्याची खाकी पँट धाकट्याला. आठवड्याच्या बाजाराला सकाळी न जाता बाजार उठायच्या वेळी जायचे, कारण भाजीवालीला तेव्हा पाटी परत न्यायची नसते. तालुक्याला जाताना एस.टी.त फडक्यात बांधलेली भाकरी काढायची. शेजारच्या बाकावर ओळखीचा माणूस असला की मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

पण सगळ्यात वाईट प्रसंग भावकीतल्या लग्नाचा. पंगती उठल्या, बुंदी आणि पुऱ्यांची पातेली उरली, ती आता उकिरड्यावर जाणार. हिने पिशवीतून डबा काढला आणि यजमानीणबाईंना विचारून भरून घेतला. चारचौघांत! वाटेत मी बोललो, फार बोललो. ती एवढेच म्हणाली, "अहो, खाऊन माजावं, टाकून माजू नये." म्हण मलाही ठाऊक होती. आपण ती दुसऱ्याला सांगण्यासाठी वापरतो, एवढेच.

आता आपल्या गणिताकडे येऊ. भातवाल्याची अडचण अशी, की पैसा थोडाच येतो आणि तो येण्याआधी चार महिने पावसाचे असतात. म्हणून तो आधी साठवतो, मग खातो. उसवाल्याचे उलटे. सुरूचा ऊस बारा महिन्यांनी जातो, आडसाली सोळा-अठरा महिन्यांनी. तोवर दुकानाची उधारी, सोसायटीचे कर्ज आणि हातउसने यांवर घर चालते. मग बिल एकरकमी जमा होते, सोसायटीची कपात होऊन उरलेला आकडा पासबुकात दिसतो आणि माणसाला वाटते, आपण श्रीमंत झालो. ही श्रीमंती साधारण पंधरा दिवस टिकते. त्या पंधरा दिवसांत घेतलेल्या वस्तूंची यादी ज्याने त्याने आपल्या मनाशी करावी, मी माझी केली आहे आणि ती छापण्यासारखी नाही.

वाचवायची लाज वाटते, पण उधार आणायची वाटत नाही, हे आपले दुखणे आहे. फाटकी चादर शिवणारी बाई दिसली तर आपण म्हणतो, यांचे काही खरे नाही. तोच शेजारी शेकडा तीनने पैसे काढून ध्वनिक्षेपक, मांडव आणि आचारी आणतो, तेव्हा आपण त्याच्या पंगतीला जाऊन वाहवा करून येतो. शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभराला तीन रुपये, वर्षाला छत्तीस. पन्नास हजार काढले तर महिन्याला दीड हजार व्याज. आडसाली ऊस तुटेपर्यंत अठरा महिने धरा, सत्तावीस हजार झाले. मुद्दल जागेवरच.

गाडगेबाबांनी हेच आयुष्यभर सांगितले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगाव इथे जन्मलेला हा माणूस. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेलेली त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिली. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा, आणि फुटके गाडगे हीच टोपी आणि हेच ताट. ऋण काढून सण करू नका, तो पैसा मुलांच्या शाळेला लावा, असे ते कीर्तनातून गावोगाव सांगत फिरले. लोक त्यांना वेडा म्हणत, त्याची त्यांना लाज नव्हती. आणि त्याच माणसाने पंढरपूर, नाशिक इथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांना चिक्कू म्हणण्याची कोणाची छाती आहे?

लांब कशाला, आपला कारखाना पाहा. ऊस पिळला की शंभर टनांमागे अठ्ठावीस-तीस टन बगॅस निघतो. तो फेकत नाहीत, बॉयलरला घालतात. त्या वाफेवर चरक फिरतो आणि वीजही होते. मळी आसवनीला जाते, प्रेसमड शेतात खत म्हणून येतो. रस आटवताना उडालेल्या वाफेचे पाणी करून तेही पुन्हा वापरतात. कारखाना चोथा जाळतो म्हणून त्याला कोणी दरिद्री म्हणत नाही, उलट कार्यक्षम म्हणतात. तेच काम आमच्या स्वयंपाकघरात झाले की हसू येते.

स्वयंपाकघराचाच एक प्रयोग सविस्तर सांगतो, कारण तो करून पाहण्यासारखा आहे. चौकहून येताना हिने आंब्याची रिकामी लाकडी पेटी आणली. तळाला आणि चारी बाजूंना वीतभर भाताचा पेंढा दाबून भरला, मधे पातेल्याएवढी जागा ठेवली. तांदूळ अर्धा तास भिजवायचे, पाणी घालून चुलीवर खळखळून उकळी येऊ द्यायची, आणखी पाच मिनिटे उकळायचे. मग घट्ट झाकणासह पातेले पेटीत ठेवून वर जाड गोधडी दाबायची. तासाभराने भात तयार. आग विझली तरी पातेल्यातली उष्णता पेंढ्यातून बाहेर पडत नाही, आणि भात त्या उष्णतेवर शिजतो. मधे झाकण उघडून बघायचे नाही, उघडले की फसले. पातेले निम्म्याहून जास्त भरलेले हवे, थोड्या भाताला उष्णता पुरत नाही. रात्र भिजवलेली तूरडाळ पंधरा मिनिटे उकळून ठेवली तर दीड-दोन तासांत मऊ होते. राजमा आणि मांस मात्र यात करू नये, ते विस्तवावर पूर्णच शिजवावे. पेटीतले अन्न गरम आहे तोवर खावे, निवले तर पुन्हा उकळून घ्यावे. आपल्याकडे पेंढा नसेल तर खडखडीत वाळलेले उसाचे पाचट बारीक कापून चालते, आम्ही पुढे तेच वापरले. पाहुणे आले की मी पेटीवर टॉवेल टाकून त्यावर बसत असे. भात माझ्या खाली शिजत असे, आणि गप्पा उसाच्या दरावर चालत.

रानभाजीचेही तसेच. चौक-कर्जतकडे पाऊस पडला की ठाकर बाया शेवळे, टाकळा, भारंगी आणून विकतात. आपल्या बांधावर घोळ आणि पाथरी फुकट उगवते, ती उपटून फेकतो आणि बाजारातून कोबी आणतो. मात्र तणनाशक मारलेल्या शेताच्या बांधावरची भाजी खाऊ नका.

पण या सगळ्यात खरी मेख वेगळीच. वाचवलेला रुपया दिसत नाही. साबण कमी आणला म्हणून खिशात काही खुळखुळत नाही, तो रुपया दुसरीकडे निघून जातो. हिने काय केले, तर काही वाचले की त्याच दिवशी तेवढे पैसे डब्यात, आणि दरमहा डब्यातले शंभर रुपये पोस्टात पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत. मला पत्ता नव्हता. अंडी, ताक, उठत्या बाजाराची भाजी, सगळे त्या डब्यात चालले होते.

१९९२ साली आमचा ऊस तोडीला फार उशिरा लागला. उन्हात वाळला, वजन घटले, बिल अपेक्षेच्या निम्मे. त्यातच वडिलांचे ऑपरेशन निघाले. दवाखान्यात सात हजार भरायचे होते. मी शेकडा तीनवाल्याकडे जायला निघालो, पायात वहाणा घातल्या. तेवढ्यात हिने पोस्टाचे पुस्तक पुढे ठेवले. सहा हजार भरलेले, वर व्याज, मुदत नुकतीच संपलेली. सात हजारांवर अठरा महिन्यांचे व्याज तीन हजार सातशे ऐंशी झाले असते, ते वाचले. वडील पुढे अकरा वर्षे जगले. वहाणा काढताना मला उलट्या कॉलरचा सदरा आठवला.

गोष्ट इथे संपवता आली असती, पण मग ती अर्धी खोटी झाली असती. पुढच्याच वर्षी गावात आरोग्य शिबिर झाले. हिचे रक्त तपासले, हिमोग्लोबिन सात. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवते? मी गप्प. शिळे तिने खायचे, दूध पोरांना, डाळीचा तळ तिला. अंग दुखले तर "होईल बरं" म्हणून दवाखाना टाळायचा. ही काटकसर कोणाला दिसत नव्हती, म्हणून तिला कोणी हसतही नव्हते. डब्यातल्या शंभर रुपयांत तिच्या ताटातले किती होते, हा हिशेब मी कधी केला नाही, करवला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे सगळे एका वेळी जेवायला बसतात आणि शिळे असेल तर ते सगळ्यांच्या ताटात वाटले जाते. बायामाणसांचे ताट, औषध आणि मुलींची शाळा यांतून वाचवलेला पैसा काटकसरीत धरत नाही. ऊसतोड मजुराची आणि घरगड्याची मजुरी कापून वाचवलेला तर नाहीच नाही, त्याला दुसरे नाव आहे.

काळ बदलला हे मान्य. आता कॉलर उलटवणारा शिंपी सापडत नाही आणि शर्ट त्या शिलाईपेक्षा स्वस्त मिळतो. पण फोनवरून पैसे देताना हाताला काही कळत नाही, म्हणून डब्याची गरज वाढलीच आहे. साठ वॅटच्या जुन्या बल्बऐवजी नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला तर वर्षाला त्र्याण्णव युनिट वाचतात. एकरकमी बिल बँकेत जमा झाले की त्याच दिवशी, घरी येण्याआधी, पुढच्या हंगामापर्यंतच्या किराण्याचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. आम्ही त्यालाच आगोट म्हणतो. आमच्या गावात आता चार-पाच घरांत हा शब्द चालतो, ऊस पिकवणाऱ्यांच्या गावात कोकणातला शब्द!

लग्नाचा हंगाम तोंडावर आहे. हल्ली आमच्या पिशवीत डबा मी ठेवतो. यजमानांना विचारून घ्यावे, आणि कोरडे तेवढेच घ्यावे : पुऱ्या, बुंदी, भजी. भाजी-आमटी उन्हात तासन्‌तास राहिलेली असते, तिच्या नादाला लागू नये. डबा स्टीलचा, कडीचा. साध्या झाकणाचा मी एकदा नेला होता, एस.टी.त सगळी बुंदी शेजारच्या मास्तरांच्या धोतरावर सांडली, आणि मास्तरांनी ती वेचून खाल्ली.