ज्येष्ठांचा आरोग्यविमा आणि पूर्वीपासूनचे आजार

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील असंख्य कुटुंबप्रमुखांनी मुंबईतील कचेऱ्यांत अथवा वागळे इस्टेट, अंबरनाथ येथील कारखान्यांत उभी हयात वेचली. नोकरीतील सामूहिक विमा निवृत्तीबरोबर बहुधा संपतो आणि तोवर मधुमेहाने वा रक्तदाबाने देहात ठाण मांडलेले असते. मग नवी पॉलिसी घेतली, तरी ‘आजार पूर्वीचा, दावा नामंजूर’ हे उत्तर आप्तांना ऐन डिस्चार्जच्या वेळी ऐकावे लागते. हा प्रसंग टळावा, यासाठी पुढील माहिती देत आहोत.

अनेकांच्या हप्त्यांतून काहींच्या संकटाची भरपाई, हे विम्याचे तत्त्व होय. तहान लागल्यावर विहीर खणणारेच सारे आले, तर निधी तग धरणार नाही. म्हणून पूर्वीच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. त्याची कमाल मर्यादा पूर्वी ४८ महिने होती. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून ती ३६ महिन्यांवर आणली. वयाच्या ६५ वर्षांची अटही त्याच वेळी दूर झाली.

समजा, मधुमेह असलेल्या ६६ वर्षांच्या गृहस्थांनी १ जून २०२५ रोजी पॉलिसी घेतली व प्रतीक्षाकाळ ३६ महिन्यांचा आहे. पॉलिसी खंड न पडता चालू राहिल्यास मधुमेहजन्य उपचारांना १ जून २०२८ पासून संरक्षण मिळेल. अपघाताला मात्र ते पहिल्या दिवसापासून असते. मोतीबिंदू, सांधेरोपण यांसाठी निराळी प्रतीक्षा असू शकते.

म्हणून तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. प्रस्तावपत्रात प्रत्येक आजार व औषध प्रामाणिकपणे नमूद करावे. लपविलेला आजार दावा नाकारण्याचे कारण ठरतो. नूतनीकरण मुदतीत करावे. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. सामूहिक विम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विचारणा निवृत्तीपूर्वीच करावी.

सत्तरी गाठलेल्यांना आणखी एक आधार आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर, उत्पन्नाची अट न लावता, कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. पूर्वीच्या आजारांनाही प्रतीक्षा नाही. खाजगी पॉलिसी असली तरी लाभ घेता येतो. मात्र रुग्णालय योजनेत समाविष्ट असावे लागते.

तरीही साठी ते सत्तरीच्या दरम्यानचे, प्रतीक्षाकाळात अडकलेले रुग्ण उरतातच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात, आणि सशुल्क रुग्णांच्या देयकांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. पात्र कुटुंबांनी उत्पन्नाचा दाखला दाखल होतानाच सादर करावा, अशी आमची विनंती आहे.

जेथे विमा पोहोचत नाही, तेथे देणगीदारांचे दान पोहोचते. त्या विश्वासास पात्र राहण्याचा आमचा प्रयत्न अखंड राहील.