आधी मुरू द्या, मग सोडा

मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या मराठी मुलाला छंदांची वाण नसते. मुलुंडला आमच्या घराजवळ तबल्याचा क्लास होता, शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा, कॉलेजात एकांकिका, सुटीत बोरिवलीला उतरून कान्हेरीची लेणी. मी एकेक धरलं, सोडलं, बँकेत नोकरी केली आणि शेवटी लेखनावर स्थिरावलो. ‘एक ना धड’ हे घरीदारी ऐकलं. आज त्या प्रवासाबद्दल जे खात्रीनं सांगता येतं ते असं.

१. सोडण्याआधी त्या विद्येतली एक तरी गोष्ट अंगी मुरू द्या.
तबल्यात मी ‘कायदा’ या रचनाप्रकाराच्या पुढे फारसा गेलो नाही. पण कायद्याची शिस्त हातात बसली. कायद्याचे पलटे करताना त्यातलेच बोल उलटसुलट फिरवायचे, बाहेरचा बोल घ्यायचा नाही. लेख लिहिताना मी हेच पाळतो. विषयातूनच जे निघतं त्याचा विस्तार करायचा, उसनं काही आणायचं नाही. तबला सुटला, ही शिस्त सुटली नाही.

२. कमी शब्दांत माणूस उभा राहतो.
कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि जागोजागी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. एका ब्राह्मी लेखात कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनारानं पोढी दान दिल्याची नोंद आहे. नाव, गाव, धंदा, दान. एवढंच. लेणी पाहायची म्हणून गेलो होतो, पण त्या ओळीपाशी थबकलो. दगडात अक्षर खोदणाऱ्याला पाल्हाळ परवडत नव्हता, आणि तरी तो सोनार आज ओळखीचा वाटतो. माणसाबद्दल लिहायला बसलो की आधी या चार गोष्टी विचारतो.

३. वस्तूला वजन हवं.
एकांकिकांमध्ये माझ्याकडे प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तूंची जबाबदारी, असायची. प्रवासाहून आलेल्या पात्राच्या हाती रिकामी बॅग दिली, तर प्रेक्षकाला ते लगेच कळतं. मनगट सैल राहतं, खांदा झुकत नाही. म्हणून आम्ही बॅगेत रद्दी भरायचो. लेखनातही वस्तू नुसती मांडून भागत नाही. ती कुणी घेतली, कितीला पडली, कुठे पोचे आले, हे लेखकाला ठाऊक असावं लागतं. त्यातलं बरंचसं लिहिलं जात नाही, पण वाक्यावर त्याचा भार दिसतो.

४. नोकरीचे तास लेखनातून वजा करू नका.
वसंत सरवटे एसीसी या सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते आणि त्याच काळात मराठीतली उत्तमोत्तम व्यंगचित्रं त्यांच्या हातून उतरली. बँकेत मी दर नोव्हेंबरला पेन्शनरांचे हयातीचे दाखले घेत असे. आपण जिवंत आहोत हे सांगायला माणसं इस्त्रीचा शर्ट घालून यायची, सही जुळावी म्हणून हात सावरत हळूहळू सही करायची. म्हातारपणाविषयी मी जे काही लिहिलं, त्याचं मूळ त्या काउंटरवर आहे.

५. उशीर झाला, असं वयाकडे बघून ठरवू नका.
पु. ल. देशपांड्यांचं बालपण जोगेश्वरी आणि पार्ल्यात गेलं. हार्मोनियम, कारकुनी, मास्तरकी, प्राध्यापकी, नाटक, आकाशवाणी अशी त्यांची वाट. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त पटकथा, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका त्यांचीच होती. ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ सालचं, म्हणजे ते चाळिशीला टेकले होते. त्या गद्याची लय पेटीवर फिरलेल्या बोटांची आहे, असं मला मनापासून वाटतं.

६. अडलेली वाट म्हणजे वाया गेलेली वाट नव्हे.
दुर्गा भागवत आदिवासींच्या अभ्यासासाठी मध्य भारतात फिरत होत्या. तिथे विषबाधा झाली, दीर्घ आजारपण आलं आणि पीएच.डी. राहून गेली. पदवी हुकली, पण बारकाईनं बघण्याची सवय सुटली नाही. लोकसाहित्यावरचं त्यांचं काम पुढे चालूच राहिलं, १९५६ साली निसर्गावरचं ‘ऋतुचक्र’ आलं आणि ‘खमंग’सारखं पाककृतींचं पुस्तकही त्यांनी लिहिलं. झाड, लोककथा, फोडणी, सगळ्यांकडे त्यांनी सारख्याच आस्थेनं पाहिलं.

७. आपलं काम कोणतं, ते कसं ओळखावं?
क्लास, परीक्षा, बक्षीस, टाळ्या हे सगळं काढून घेतलं, तरी जे करावंसं वाटतं ते आपलं. माझ्या बाबतीत ते लेखन निघालं. कुणाचं तबला निघेल, कुणाचं शिलालेख वाचणं. तोवर जे हाती घ्याल ते मन लावून करा आणि पुढे त्याचा उपयोग काय, हा हिशेब मांडू नका. वरवर चाखून सोडलेलं मात्र खरंच हाती काही ठेवत नाही. आणि आईवडिलांना एक कळकळीचं सांगणं: मुलानं एक सोडून दुसरं धरलं, तर ‘का सोडलंस?’ असं विचारण्याआधी ‘त्यातलं काय यायला लागलं होतं?’ एवढं विचारा. त्याच्या उत्तरातून पुढचं बरंच कळेल.