हळदीने आतड्याचा दाह शमतो का?

समजा, तुमच्या वर्गातील एक मुलगा दोन महिने शाळेत येत नाही. त्याला दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला जावे लागते, शौचातून रक्त पडते, वजन उतरले आहे. डॉक्टरांनी दुर्बीण घालून मोठे आतडे तपासले आणि 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' असे निदान केले. गोळ्या सुरू झाल्या. त्याच आठवड्यात गावाहून आजी आली आणि तिने रोज रात्री हळद घातलेले दूध द्यायला सुरुवात केली. दीड महिन्यात मुलगा हिंडूफिरू लागला. आता हा गुण कशाचा? गोळ्यांचा, हळदीचा, की दोन्हींचा नाही? घरच्यांनी श्रेय हळदीला दिले आणि गोळ्या बंद केल्या. त्यांचे बरोबर की चूक, हे ठरवायचे कसे?

आधी आजार समजून घेऊ. आपल्या आतड्यात असंख्य जंतू कायमच्या वस्तीला असतात. शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना एरवी शेजाऱ्यांसारखे सांभाळून घेते. काही माणसांत, थोडा आनुवंशिक कल आणि थोडी परिस्थिती यांच्या संयोगाने, हा सलोखा बिघडतो. संरक्षक पेशी अस्तरावर गर्दी करतात. काटा रुतलेल्या जागी जशी लाली आणि सूज येते तशी ती आतड्याच्या आत येते, व्रण पडतात. यालाच दाह म्हणतात. काट्याचा दाह काटा निघाला की थांबतो. हा थांबत नाही. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात आणि वरवरच्या अस्तरात असतो. दुसरा क्रोनचा रोग. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या डॉक्टरांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. आपल्याकडे आतड्याचा क्षयही हुबेहूब तसाच दिसतो आणि दोहोंचे उपचार मात्र अगदी वेगळे. म्हणून केवळ लक्षणे ऐकून कोणी औषध सुचवले तर ते घेऊ नये.

या दोन्ही रोगांची एक खोड लक्षात ठेवा. ते भरती-ओहोटीसारखे वागतात. कधी उसळतात, मग काही महिने, काही वेळा काही वर्षे, शांत राहतात आणि पुन्हा उलटतात. माणूस नवे औषध शोधतो ते आजार कळसाला पोचल्यावर. कळसानंतर पुष्कळदा उतार येतोच. अशा वेळी हळद घ्या, ताक घ्या किंवा नुसता गंडा बांधा. गुण आल्यासारखे वाटणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते.

हे किती खरे आहे, ते इंग्लंडमधील ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या एका कसोटीतून कळते. कोलायटिसच्या २१० रोग्यांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला कॉर्टिसोन दिले, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. सहा आठवड्यांनी कॉर्टिसोनच्या गटात १०० पैकी सुमारे ४१ जणांचा रोग शमलेला होता. खोट्या गोळ्यांच्या गटात १०० पैकी सुमारे १६ जणांचा. या सोळांकडे नीट पाहा. त्यांच्या गोळीत काहीही नव्हते. त्या गोळीऐवजी हळद दिली असती तर सोळाच्या सोळा जण हळदीची शपथ घेऊन साक्ष द्यायला तयार झाले असते, आणि ते खोटे बोलत नसते! म्हणून 'आमच्या शेजाऱ्यांना गुण आला' हा पुरावा होत नाही. कसोटी एकच: औषध घेणाऱ्यांत आणि खोटे औषध घेणाऱ्यांत फरक किती पडला?

हळदीला ही कसोटी लावून पाहिलेली आहे. हळदीतील पिवळ्या द्रव्याला कुर्क्युमिन म्हणतात. जपानमध्ये कोलायटिस शमलेल्या ८९ रोग्यांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या गोळ्या सर्वांनाच चालू होत्या. त्यांच्या जोडीला एका गटाने रोज २ ग्रॅम कुर्क्युमिन घेतले, दुसऱ्याने खोटे औषध. सहा महिन्यांत रोग उलटला तो पहिल्या गटात ४३ पैकी २ जणांचा, दुसऱ्यात ३९ पैकी ८ जणांचा. (उरलेले सात जण हिशेबात नाहीत.) २०१५ साली इस्रायलच्या संशोधकांनी याहून ठळक निष्कर्ष मांडला. नेहमीच्या गोळ्यांच्या पूर्ण मात्रेलाही न जुमानणाऱ्या रोग्यांना त्यांनी जोडीला ३ ग्रॅम कुर्क्युमिन दिले. चार आठवड्यांत २६ पैकी १४ जणांचा रोग शमला, खोट्या औषधाच्या गटात २४ पैकी एकाचाही नाही. चाणाक्ष विद्यार्थी येथे विचारील, मघाचे ते १०० पैकी १६ कोठे गेले? याचे उत्तर असे, की हे रोगी मुळातच न बधणारे म्हणून निवडलेले होते, शिवाय गट लहान होते. लहान गटातील आकडे फार उड्या मारतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दिवसाला ४५० मिलिग्रॅम कुर्क्युमिन देऊन पाहिले. २०१७ साली आलेल्या त्या निष्कर्षात हळदीच्या आणि खोट्या औषधाच्या गटांत फरक दिसला नाही.

आता वही घ्या आणि हिशेब करा. हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन साधारण १०० भागांत ३ भाग असते. कपभर दुधात अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद घातली, तर कुर्क्युमिन किती? ४५ मिलिग्रॅम. जपानी रोग्यांनी घेतले २००० मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी रोज चव्वेचाळीस कप दूध प्यावे लागेल! तेव्हा प्रयोगात वापरलेली हळद आणि स्वयंपाकघरातील हळद यांचे नाव एक असले तरी मात्रा एक नाही. बाजारात मिळणाऱ्या तीव्र मात्रेच्या गोळ्यांनी काही माणसांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. वरणातल्या हळदीला भिऊ नका. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना सांगून घ्यावी.

पहिल्या चांगल्या बातमीवर हुरळून का जाऊ नये, हे माशाच्या तेलाने शिकवले. इटलीत १९९६ साली क्रोनच्या ७८ रोग्यांवर झालेल्या प्रयोगात या तेलाने रोग उलटण्याचे प्रमाण १०० पैकी ६९ वरून २८ वर आले. केवढा आनंद झाला असेल! पण मिळून सातशेहून अधिक रोग्यांवर केलेल्या दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष २००८ साली आले, तेव्हा म्हणण्यासारखा फायदा आढळला नाही.

मात्र 'नैसर्गिक म्हणजे निरुपयोगी' असाही समज करून घेऊ नका. नीळ तुम्हांला ठाऊक आहे. चीन आणि जपानमध्ये निळीच्या वनस्पतींपासून केलेली एक भुकटी पोटाच्या दुखण्यावर देतात. जपानी डॉक्टरांनी तिची ८६ कोलायटिस रोग्यांवर कसोटी घेतली. १०० पैकी गुण आलेले रोगी असे: खोट्या औषधाने सुमारे १४, निळीच्या कमी-अधिक मात्रांनी ७० ते ८१. एवढा फरक मोठमोठ्या औषधांनीही सहसा पडत नाही. तरीही प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. बाहेरून ही भुकटी विकत आणून सहा महिने घेणाऱ्या एका रोग्याच्या फुप्फुसाच्या रोहिणीतील रक्तदाब वाढला होता आणि तो विकार जिवावर बेतू शकतो. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूत आतडे शांत करण्याइतकी ताकद आहे, ती इतरत्र अपाय करू शकणार नाही असे का समजावे? उलट, ज्यांना आपण 'रासायनिक' म्हणतो त्या कोलायटिसच्या नेहमीच्या गोळ्यांतील मेसालेझिन हे ॲस्पिरिनच्या कुळातले आहे, आणि त्या कुळाचा शोध वाळुंजाच्या सालीपासून सुरू झाला. वनस्पती आणि औषध या काही दोन वेगळ्या जाती नव्हेत.

तुमच्या वयाच्या मुलांना सर्वांत उपयोगी पडलेला बिनऔषधी उपाय आहाराचा आहे. क्रोनच्या रोगात मुलांचे जेवण सहा ते आठ आठवडे बंद ठेवतात आणि केवळ पोषक द्रव देतात. त्याने पुष्कळ मुलांचा दाह शमतो, अस्तर भरून येते, आणि कॉर्टिसोनसारख्या औषधांनी उंची खुंटण्याचा धोका टळतो. पण किती द्यायचे, कधी थांबवायचे, हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात. घरी उपास करणे म्हणजे हा उपाय नव्हे. योगासनांनी कोलायटिसच्या रोग्यांचे दिवस अधिक बरे जातात, असे जर्मनीतील एका प्रयोगात दिसले. ती औषधाच्या जोडीला करावीत.

'जोडीला' हा शब्द मी मुद्दाम पुन्हा वापरला. जपान आणि इस्रायल या दोन्ही ठिकाणी नेहमीच्या गोळ्या कोणीही सोडल्या नव्हत्या. गोळ्या टाळल्या तर काय होते, तेही मोजलेले आहे. रोग शमलेल्या ९९ रोग्यांवर अमेरिकेत लक्ष ठेवले गेले. २००३ साली आलेल्या निष्कर्षानुसार, गोळ्यांत हयगय करणाऱ्यांना रोग उलटण्याचा धोका नियमाने घेणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक होता. मघाच्या आजीची हळद राहू द्या. गोळ्या बंद करणे ही चूक होती.

राहता राहिले इसबगोल. गुजरात आणि राजस्थानात पिकणाऱ्या या बियांची स्पेनमध्ये कोलायटिस शमलेल्या १०५ रोग्यांवर परीक्षा झाली. १९९९ च्या त्या निष्कर्षात वर्षभरात रोग उलटला तो बिया घेणाऱ्यांत १०० पैकी ४० जणांचा आणि मेसालेझिन घेणाऱ्यांत ३५ जणांचा. अंतर थोडे आहे, पण कोण काय घेतो हे येथे सर्वांना ठाऊक होते, हे विसरू नका. इसबगोलाचा तंतू मोठ्या आतड्यातील जंतू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचे द्रव्य तयार होते आणि तेच अस्तराच्या पेशींचे मुख्य अन्न आहे. शिक्षकांनी वर्गात चमचाभर इसबगोलाचा भुसा पेलाभर पाण्यात टाकून अर्ध्या तासाने मुलांना दाखवावा. तो फुगून दाट बुळबुळीत गोळा होतो. क्रोनच्या रोगात आतडे काही ठिकाणी पेन्सिलीएवढे अरुंद होते. तेथे हाच गोळा अडकून बसू शकतो.