बोट सुटेल का? तोपर्यंतचा खर्च कोणाचा?



आपल्या पत्रिकेच्या या 'आरोग्य आणि अर्थ' सदरात आरआरएसपी, गृहकर्ज, मधुमेह, कोलेस्टेरॉल अशा विषयांवर जाणकारांनी लिहिले आहे. मी जाणकार नाही. व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वकील नाही की विमा एजंटही नाही. पण दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरच्या धक्क्यावर आम्ही सहकुटुंब जे तीन दिवस काढले, त्यातून पैशाचे आणि औषधपाण्याचे काही धडे मिळाले. आपल्यापैकी बरेच जण आई-वडिलांना घेऊन अलास्काच्या क्रूझला जातात. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा खटाटोप.

काय झाले?

आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे मिसिसॉगाला आले होते. त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली म्हणून सात दिवसांची क्रूझ ठरवली. शनिवारी व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेसहून निघायचे, अलास्कातल्या स्यूअर्डला उतरायचे आणि अँकरेजहून विमानाने परत. मी, सौ., मुलगी आणि आई-बाबा असे आम्ही पाच जण. शुक्रवारी व्हँकुव्हरला पोचलो, तर संध्याकाळी कंपनीची ईमेल आली. आधीच्या फेरीत जहाजाच्या यंत्रणेत बिघाड झाला आहे, जहाज हळू येत आहे, उद्या निघायला उशीर होईल.

शनिवारी सकाळी कळले, रविवारी दुपारी दोनला. रविवारी कळले, संध्याकाळी सहापर्यंत नक्की सांगू. सहाला कळले, सोमवारी सकाळी सांगू. धक्क्यावर सामान घेऊन बसलेली माणसे, रडणारी मुले, खिडकीवरच्या मुलीवर ओरडणारे आजोबा, सगळे पाहिले. खरे सांगायचे तर मीही तिच्यावर ओरडलो. बिचारीच्या हातात माझ्यापेक्षा जास्त माहिती नव्हती.

बाबा मात्र शांत होते. त्यांचे लहानपण मालवणचे. तिथे मुंबईची बोट धक्क्याला लागत नसे, समुद्रात उभी राही आणि माणसांना पडावातून न्यावे लागे. "अरे, आम्ही शिदोरी बांधून किनाऱ्यावर बसायचो. बोट दिसली की आली म्हणायची," एवढेच ते म्हणाले. पण तेव्हा हॉटेलचे भाडे आणि पुढचे विमान डोक्यावर नसे, हे मी मनातल्या मनात म्हटले.

सोमवारी दुपारी फेरी रद्द झाली.

नक्की वेळ का सांगत नाहीत?

हा प्रश्न मला इंजिनिअर म्हणून पडला आणि घरी आल्यावर मी त्यावर बरेच वाचले. आजकालच्या पुष्कळ मोठ्या जहाजांत डिझेल इंजिने थेट पंखा फिरवत नाहीत. ती वीज तयार करतात आणि त्या विजेवर मोटर चालते. बऱ्याच जहाजांत ही मोटर जहाजाच्या तळाखाली लोंबणाऱ्या एका गोळ्यात असते, त्याला पॉड म्हणतात. पॉडच्या टोकाला पंखा असतो आणि अख्खा पॉडच वळतो, म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही. व्यवस्था छान आहे, पण बिघडली तर बिघाड पाण्याखाली. काही कामे पाणबुड्यांना जमतात, मोठ्या कामाला जहाज कोरड्या गोदीत न्यावे लागते. एवढी मोठी जहाजे मावतील अशा गोद्या थोड्याच आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर व्हिक्टोरियाजवळ एस्क्विमॉल्टला केंद्र सरकारची एक आहे.

आधी बिघाड शोधायचा, मग सुटा भाग मागवायचा, बसवायचा, चाचणी घ्यायची आणि शेवटी तपासनीसाने प्रवासी नेण्यास हरकत नाही असे म्हणायचे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून. मी स्वतः कामावर साहेबांना किती वेळा "उद्या सकाळपर्यंत होईल" म्हटले आहे, ते आठवून ओशाळलो. तेव्हा वेळ पुढे ढकलणे म्हणजे दर वेळी खोटेपणा नव्हे. पण दुसरी बाजूही आहे. फेरी रद्द केली की कंपनीला सगळ्यांचे पैसे परत द्यावे लागतात. म्हणून थोडी जरी आशा असली तरी "रद्द" हा शब्द लवकर उच्चारला जात नाही.

हे आपल्यालाच घडते असे नाही

२००६ च्या जानेवारीत 'क्वीन मेरी २' हे प्रसिद्ध जहाज फ्लोरिडातल्या बंदरातून निघताना कडेला घासले आणि त्याच्या चारपैकी एक पॉड निकामी झाला. वेग कमी झाल्याने वाटेतली बंदरे गाळून जहाज थेट रिओला न्यायचे ठरले. प्रवाशांनी जहाजातून उतरणारच नाही अशी धमकी दिली. आधी अर्धे पैसे देऊ म्हणणाऱ्या कंपनीने मग पूर्ण पैसे परत केले.

२०१३ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ'च्या इंजिनखोलीत आग लागली. चार हजारांवर माणसे असलेले हे जहाज ओढत अलाबामाला आणावे लागले. पुढच्या फेऱ्या आधी थोड्याच रद्द झाल्या, मग एप्रिलपर्यंतच्या, आणि जहाज प्रत्यक्षात सुरू झाले जूनमध्ये. म्हणजे पुढच्या फेऱ्यांची तिकिटे काढलेल्यांची फरफट बातम्यांत फारशी आली नाही एवढेच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आमच्याच व्हँकुव्हर-स्यूअर्ड मार्गावरच्या 'सेलिब्रिटी मिलेनियम'ला पॉडच्या बिघाडामुळे केचिकानला फेरी अर्धवट सोडावी लागली. प्रवाशांना विमानाने परत पाठवले आणि जहाजाचा उरलेला अलास्का हंगाम रद्द झाला.

सगळ्यात लांबलेली वाट 'ओडिसी'ची. तीन वर्षे जगभर फिरण्याची ही क्रूझ २०२४ च्या मे महिन्यात बेलफास्टहून निघायची होती. सुकाणू आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीमुळे जहाजाने धक्का सोडला सप्टेंबरअखेर. काहींनी या प्रवासासाठी घरदार आवरले होते. मधले चार महिने त्यांनी कसे काढले असतील!

कायदा काय म्हणतो?

कॅनडात विमानाला उशीर झाला किंवा ते रद्द झाले तर प्रवाशाला काय मिळावे याचे नियम २०१९ पासून आहेत. ते विमानापुरते आहेत, क्रूझला लागू नाहीत. क्रूझमध्ये तुमचा कायदा म्हणजे तिकिटाबरोबरचा करार, जो आपण न वाचता "मान्य" म्हणून टाकतो. मीही तेच केले होते. वाचला असता तर कळले असते की निघण्याची वेळ, मार्ग आणि बंदरे बदलण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवला होता.

'ट्रायम्फ'च्या प्रकरणानंतर मे २०१३ मध्ये क्रूझ कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची यादी जाहीर केली. यांत्रिक बिघाडाने फेरी रद्द झाली तर पूर्ण परतावा, मध्येच संपली तर काही परतावा, घरी पोचवण्याची सोय, अनपेक्षित बंदरात रात्र काढावी लागली तर राहण्याची सोय आणि वेळेवर माहिती, हे त्यात आहे. पण नुसत्या उशिराबद्दल आणि तुम्ही वेगळ्या काढलेल्या विमानाच्या तिकिटाबद्दल त्यात काही नाही.

अमेरिकेच्या बंदरातून निघणाऱ्या क्रूझला २०२२ पासून एक नियम आहे. निघायला तीन किंवा अधिक दिवस उशीर झाला आणि प्रवाशाला जायचे नसेल, तर तो पूर्ण परतावा मागू शकतो. सिॲटलहून निघणाऱ्याला हा आधार आहे, व्हँकुव्हरहून निघणाऱ्याला नाही.

कळीचा प्रश्न : रद्द कोणी केले?

रविवारी रात्री मी वैतागून सौ.ला म्हटले, "पुरे झाले, उद्या सकाळी घरी जाऊ." ती म्हणाली, "आधी एजंटबाईंना विचारा." त्यांनी फोनवर एकच वाक्य सांगितले, "आम्ही येत नाही, असे कंपनीला लेखी किंवा तोंडी काहीही कळवू नका." कारण आमच्या करारात निघण्याच्या आदल्या दोन आठवड्यांत प्रवाशाने रद्द केले तर एकही पैसा परत नव्हता. कंपनीने रद्द केले तर सगळे पैसे परत. तो फोन केला नसता तर आमचे ८,४०० डॉलर गेले असते.

तिकिटाचे पैसे आले, पण भोवतालचा खर्च असा :

हॉटेल, जास्तीच्या तीन रात्री, दोन खोल्या : १,९८० डॉलर
विमानाची तिकिटे बदलणे : १,४५० डॉलर
जेवण आणि टॅक्सी : ६२० डॉलर
एकूण : ४,०५० डॉलर

यातले विम्याने २,१०० दिले. १,९५० आमच्या खिशातून गेले. विम्याने कमी का दिले? कारण आमच्या क्रेडिट कार्डाच्या विम्यात आम्ही तिघेच होतो. आई-बाबांची पॉलिसी भेटीला येणाऱ्यांची, ती फक्त तातडीच्या वैद्यकीय खर्चाची होती. प्रवासातल्या उशिराचा त्यात उल्लेखच नव्हता. हे मला पॉलिसी घेतानाच दिसायला हवे होते.

आणि आईच्या गोळ्या

पैशापेक्षा मोठी चूक मी दुसरीच केली होती. निघताना आई रक्तदाबाच्या गोळ्यांचा अख्खा डबा घेत होती. मी म्हटले, "आई, एवढे ओझे कशाला? मोजून नऊ दिवसांच्या घे." तिने ऐकले. रविवारी रात्री तिला चक्कर आली. विचारल्यावर हळूच म्हणाली, "शनिवारपासून अर्धीच घेते आहे. बोट उशिरा निघाली तर पुरायला नकोत का?" बोट कधी सुटणार याचा हिशेब आम्ही सगळे डॉलरमध्ये करत होतो, ती गोळ्यांत करत होती.

सोमवारी सकाळी वॉक-इन क्लिनिक गाठले. रक्तदाब बराच वाढला होता. भारतातल्या चिठ्ठीवर इथला औषधवाला गोळ्या देत नाही, पण डब्यावरचे औषधाचे मूळ नाव पाहून डॉक्टरांनी नवी चिठ्ठी दिली. थोडक्यात निभावले. समजा, आम्ही त्याच दिवशी बोटीवर चढलो असतो आणि हे समुद्रात घडले असते तर? जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांचे बिल वेगळे. इथे राहणाऱ्यांनाही ओहिपचा आधार कॅनडाबाहेर नावापुरताच आहे. रुग्णालयात ठेवले तर दिवसाला जास्तीत जास्त ४०० डॉलर. भेटीला आलेल्या आई-वडिलांना तोही नाही.

कंपनीच बुडाली तर?

हेही घडते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये नुनावुतमध्ये कुगारुकजवळ 'अकादमिक योफे' हे जहाज खडकावर चढले. ते चालवणारी ब्रिटिश कोलंबियातली कंपनी पुढच्या वर्षी आर्थिक अडचणीत बंद पडली आणि आगाऊ पैसे भरलेल्या कित्येकांची पंचाईत झाली. ऑन्टारिओत नोंदणीकृत एजंटाकडून तिकीट घेतले, तर एजंट किंवा क्रूझ कंपनी बुडाल्यास 'टिको'च्या निधीतून माणशी ५,००० डॉलरपर्यंत मागणी करता येते. मागणी सहा महिन्यांच्या आत करावी लागते. क्वीबेक आणि ब्रिटिश कोलंबियातही असे निधी आहेत. पण लक्षात ठेवा, हे बुडण्यासाठी आहे, उशिरासाठी नाही.

निघण्यापूर्वी एवढे करा

१. विमान एक दिवस आधीचे घ्या. परतीचे तिकीट बदलता येईल असे घ्या किंवा क्रूझ कंपनीमार्फतच काढा, म्हणजे फेरी हलली तर ते बदलायची जबाबदारी त्यांच्यावर येते.

२. करारातली दोनच कलमे वाचा : प्रवाशाने रद्द केल्यास काय, आणि कंपनीने बदल केल्यास काय.

३. विम्यात उशिराची मर्यादा, वजावट आणि कोणाकोणाची नावे आहेत ते पाहा. आई-वडिलांसाठी वेगळे विचारा. त्यांची वैद्यकीय पॉलिसी कॅनडाबाहेर आणि जहाजावर चालते का, तेही.

४. उशिराचे कारण कंपनीकडून लेखी घ्या. प्रत्येक पावती ठेवा. हे दोन्ही नसेल तर विमा कंपनी दाद देत नाही.

५. औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा निदान दहा दिवस जास्त घ्या. ती हातातल्या पिशवीत असू द्या आणि औषधांची मूळ नावे कागदावर लिहून ठेवा.

६. घरून निघण्यापूर्वीच सगळ्यांनी बसून ठरवा : किती दिवस थांबायचे आणि किती डॉलरपर्यंत. धक्क्यावर, भुकेल्या मुलांसमोर हा निर्णय नीट होत नाही. ती मर्यादा आली की कंपनीला कळवण्यापूर्वी एजंटला फोन करा.

मंगळवारी संध्याकाळी आमचे परतीचे विमान होते. सकाळी वेळ होता म्हणून आई-बाबांना सीबसने पलीकडे नॉर्थ व्हँकुव्हरला नेऊन आणले. बारा मिनिटांचा प्रवास. बाबा घड्याळ पाहून म्हणाले, "ही वेळेवर सुटली हो!" आई खिडकीशी बसली होती. तिने सकाळची गोळी पूर्ण घेतली होती, हे मी विचारून घेतले होते.

आपल्यापैकी कोणाला असा अनुभव आला असेल, विशेषतः आई-वडिलांच्या विम्याबाबत, तर संपादकांकडे जरूर कळवावे. पुढच्या अंकात सगळ्यांना उपयोग होईल.