फोनचे कुलूप

समजा, तुमच्या मावशीने अमेरिकेहून पनवेलला आपला जुना फोन पाठवला. त्यात इथले सिमकार्ड घातले, तर ते चालेना. फोन बिघडला का? नाही. त्याला कुलूप आहे!

हे कुलूप कशाचे? अंकांचे. प्रत्येक सिमकार्डात बहुधा 15 अंकी क्रमांक असतो. पहिले तीन अंक देशाचे. भारताचे 404 किंवा 405. पुढचे दोन किंवा तीन कंपनीचे. फोन हे अंक वाचतो आणि आपल्याजवळ नोंदलेल्या अंकांशी ताडून पाहतो. जुळले नाहीत, की सिम नाकारतो. आपल्याकडे 2017 साली आलेला जिओफोनही एकाच कंपनीचे सिम घेत असे.

हप्त्याने किंवा स्वस्तात दिलेल्या फोनचे पैसे कंपनीला सेवेच्या बिलातून वसूल करायचे असतात. हप्ते फिटल्यावर तिच्याकडूनच कुलूप काढून घ्यावे. अंदाजाने सांकेतिक अंक दाबू नयेत. ठरावीक चुकांनंतर फोन ते स्वीकारतच नाही.

कंपनीने भरलेली नकोशी ॲप मात्र कुलूप निघाले तरी राहतात. स्मृतीच्या ज्या भागात ती असतात, तो आपल्याला पुसता येत नाही. पण सेटिंग्जमध्ये बरीचशी निष्क्रिय करता येतात. मग ती चालत नाहीत. मूळ प्रतीची जागा मात्र अडलेलीच राहते.

करून पाहा : फोनवर *#06# दाबा. दिसणारा 15 अंकी क्रमांक लिहून घ्या. सिम बदलून पुन्हा दाबा. क्रमांक बदलला का? मग तो कोणाचा, सिमचा की फोनचा?